विमानाने जेवायला जाणं : सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नोकरीला होतो तेव्हा छोट्या विमानाचा परवाना काढला आणि सुट्टीचे बरेचसे दिवस तिथल्या बारक्या विमानतळांवरच्या हॉटेलांत खाण्यात घालवले. साताऱ्याला परतल्यापासून लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, जिथं भेटतील तिथं लोक याच गोष्टी विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत.

नुसतं जेवायला कुणी विमान काढतं का हो?

काढतं. अमेरिकेत तर हौशी पायलट मंडळींचा हा रविवारचा ठरलेला उद्योग आहे. दोन किंवा चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान घ्यायचं, पाऊण-एक तासावरच्या विमानतळावर उतरायचं, धावपट्टीच्या कडेला असलेल्या हॉटेलात खायचं आणि घरी यायचं. तिकडे याला 'शंभर डॉलरचा बर्गर' म्हणतात. बर्गर दहा-पंधरा डॉलरचा, बाकीचे पैसे विमानाचे. इंग्लंडमध्ये हाच हिशेब बेकन सँडविचवर मांडतात, आणि तिथल्या डॉर्सेटमधलं काँप्टन ॲबस हे गवती धावपट्टीचं विमानतळ त्याच्या उपाहारगृहासाठीच लोकांना माहीत आहे.

शंभराचा आकडा आता जुना झाला. सेसना १७२ हे चार आसनी विमान पेट्रोलसकट भाड्याने घ्यायचं म्हटलं तर ताशी दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात.

यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचं कॅटालिना बेट. डोंगराचा माथा सपाट करून केलेली धावपट्टी, समुद्रापासून साधारण सोळाशे फुटांवर. खाली गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचे कळप चरतात आणि वरच्या हॉटेलात बायसनचंच बर्गर मिळतं. धावपट्टी सुरुवातीला चढाची आहे, त्यामुळे चाकं टेकली की पुढचं टोक दिसत नाही आणि नवखा माणूस घाबरून ब्रेक दाबतो. तिथं पोचायला एका इंजिनावर समुद्र ओलांडावा लागतो. बर्गर ठीकठाक आहे. त्यासाठी जात कुणी नाही.

मग कशासाठी जातात? भूक तर घरीही भागते.

पायलटचा हात सुटू नये म्हणून. माणसांना सोबत न्यायचं असेल तर मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावीत असा तिथला नियम आहे. नियम सोडा, महिनाभर विमान काढलं नाही तर लँडिंग पाहणाऱ्यालाही ते कळतं. परवाना काढताना शिकवणारा शेजारी असतो, परीक्षा असते, काहीतरी गाठायचं असतं. परवाना हातात पडला की प्रश्न येतो, आता जायचं कुठं? घरच्याच विमानतळाभोवती फेऱ्या मारून माणूस कंटाळतो आणि वर्षभरात उडणं सोडून देतो. असे खूप पाहिले. ज्यांचा छंद टिकला, त्यांच्याकडे जायला एखादं ठिकाण होतं, आणि त्या ठिकाणी बहुतेक वेळा खायला मिळत होतं.

त्यात अमेरिकेतली आणखी एक मेख. पुढच्या परवान्यासाठी दूरच्या प्रवासाचे तास मोजतात, तेव्हा साधारणपणे ५० सागरी मैलांच्या, म्हणजे ९२-९३ किलोमीटरच्या पलीकडे उतरलेलं धरतात. म्हणून ४५ मैलांवरच्या चांगल्या हॉटेलापेक्षा ५५ मैलांवरच्या सुमार हॉटेलात गर्दी जास्त.

आपल्याकडे हे का नाही?

पैसे कमी म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. पैसा हे एक कारण आहे, पण ते पहिलं नाही. साताऱ्यात आणि सांगलीत लाखा-लाखाच्या सायकली आणि दहा-दहा लाखांच्या मोटारसायकली घेणारे आहेत.

पहिलं कारण जागा. अमेरिकेत सगळ्यांना खुले असे पाच हजारांच्या आसपास विमानतळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर टॉवर, म्हणजे उतरा-थांबा सांगणारा नियंत्रण कक्ष, नाही. तुम्ही रेडिओवर 'मी अमुक बाजूने येतोय' असं स्वतःच सांगायचं, इतरांचं ऐकायचं आणि उतरायचं. पंपावर कार्ड लावून पेट्रोल स्वतः भरायचं. कुंपणाला एक गेट असतं, त्याचा कोड कित्येक ठिकाणी त्या विमानतळाची रेडिओ फ्रिक्वेन्सीच ठेवलेली असते, म्हणजे पायलटला पाठ आणि रस्त्यावरच्या माणसाला अनोळखी. गेटाबाहेर पाऊल टाकलं की हॉटेल.

आपल्याकडे दुसऱ्या विमानतळावर जायचं तर फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो आणि निघण्याआधी हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा व माहिती केंद्राचा असे दोन क्रमांक घ्यावे लागतात. मुक्कामाचा विमानतळ त्या वेळी चालू आहे का ते बघायचं. धावपट्टी राज्य सरकारची किंवा खासगी असेल तर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची आधी परवानगी. यात जुलूम आहे असं मी म्हणणार नाही, आपल्या सीमा आणि आपला इतिहास वेगळा आहे. पण 'चला, भूक लागलीय, निघू' हे त्यात बसत नाही.

दुसरं कारण पेट्रोल. छोट्या विमानांची बरीचशी इंजिनं एव्हगॅस या खास पेट्रोलवर चालतात. मोठ्या प्रवासी विमानांचं एटीएफ रॉकेलच्या जातीचं, ते यात चालत नाही. (काही नवी छोटी विमानं डिझेल इंजिनाची आहेत, ती एटीएफवर चालतात.) एव्हगॅस आपण कित्येक वर्षं पूर्ण आयातच करत होतो, २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणलं. तरी ते मोजक्याच ठिकाणी मिळतं. आणि पंपावरचं पेट्रोल भरायचा विचार करत असाल तर त्यात आता इथेनॉल असतं, कदाचित आपल्याच कारखान्याच्या उसाचं. ते पाणी धरून ठेवतं, जुन्या इंजिनातली रबरं खातं. विमानात ते घालायचं नाही.

तिसरं कारण, ज्यावर कुणी बोलत नाही : उतरल्यावर चहाही मिळत नाही. त्यावर खाली लिहिलंय.

आपल्या भागात विमान उतरेल अशा जागा कुठल्या?

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड. कोयना धरणाचं काम निघालं तेव्हा, १९५५ च्या सुमारास, त्यासाठी बांधलेली ही धावपट्टी. लांबी साधारण तेराशे मीटर. पुढाऱ्यांची विमानं-हेलिकॉप्टरं येतात, वैमानिक प्रशिक्षणही तिथं झालेलं आहे. विस्ताराचा विषय वर्षानुवर्षं निघतो आणि वारुंजीकडचे शेतकरी बागायती जमिनी द्यायला तयार होत नाहीत. छोट्या विमानाला आहे ती लांबी भरपूर आहे, हे या वादात कुणाच्या लक्षात येत नाही.

सांगलीकरांच्या वाट्याला कवलापूरची जुनी धावपट्टी. ती वापरात नाही. विमानतळ व्हावा ही मागणी मात्र निवडणुकीगणिक ताजी होते.

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ हा खरा जवळचा पर्याय. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, जानेवारी १९३९ मध्ये तो सुरू झाला. आता नियमित प्रवासी विमानं येतात, २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारतही झाली. त्यापलीकडे बेळगावचं सांबरा, पूर्वेला सोलापूर. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, नाश्त्याच्या यादीतून ते काढूनच टाका.

कऱ्हाडहून कोल्हापूरला मिसळ खायला जायचं ठरवलं तर कसं होईल?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. विमान आहे, परवाना आहे, परवानग्या झाल्या आहेत असं धरून चालू.

सरळ रेषेत अंतर सत्तर किलोमीटर, म्हणजे ३८ सागरी मैल. (अमेरिकन मोजणीत दूरचा प्रवासही धरणार नाहीत!) सेसना १७२ साधारण ताशी दोनशे किलोमीटरने जाते, म्हणजे हवेत वीस-बावीस मिनिटं. वर चढलं की मागे वळून बघायचंच, कारण कऱ्हाडचा प्रीतिसंगम वरून जसा कळतो तसा घाटावर उभं राहून कळत नाही. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना समोरून येऊन तिला भिडते आणि दोघी मिळून काटकोनात पूर्वेला वळतात. नकाशात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी वरून बघताना माणूस गप्प होतो.

आगाशिवाचा डोंगर ओलांडला की हायवे पकडायचा. वाट चुकायला जागाच नाही : उजवीकडे सह्याद्री, डावीकडे कृष्णाकाठचा ऊस, मध्ये हायवे. कासेगाव, पेठ नाका, मग किणीजवळ वारणा. कारखान्यांच्या चिमण्या गळीत हंगामात लांबून दिसतात आणि वारा कुठला आहे हे टॉवरआधी त्याच सांगतात. दक्षिणेला जाताना साडेपाच हजार फूट, उत्तरेला येताना साडेचार किंवा साडेसहा हजार, म्हणजे समोरासमोरची विमानं एका उंचीवर येत नाहीत. पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर उजव्या हाताला दिसला की कोल्हापूर टॉवरशी आधीच बोलणं झालेलं असलं पाहिजे.

इथवर सगळं छान. उतरल्यावर खरी कसरत सुरू होते. विमान उभं करायचं, कागद करायचे, टर्मिनलमधून बाहेर पडायचं, रिक्षा किंवा टॅक्सी बघायची, शहरात आठ-दहा किलोमीटर जायचं, मिसळीच्या दुकानात रविवारी रांग, मग परत येऊन ओळखपत्र, सुरक्षा तपासणी, पुन्हा फ्लाइट प्लॅन, पुन्हा क्रमांक. नियमित प्रवासी विमानाची वेळ त्यात आली तर तुम्ही थांबायचं.

खर्च? आपल्याकडे क्लबच्या विमानाचा तास दहा हजारांच्या खाली मिळणं अवघड. जाऊन-येऊन इंजिन सव्वा तास चालणार. एका मिसळीला पंधरा-वीस हजार धरा. जादा पाव वेगळा.

म्हणजे गाडीने लवकर होतं?

हो. कऱ्हाडहून कोल्हापूर गाडीने दीड तास. रस्त्याचं काम चालू असलं तरीही गाडीच जिंकेल.

परवाना काढायला काय लागतं?

वय १७ पूर्ण, दहावी पास, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) क्लास टू मेडिकल, लेखी परीक्षा, रेडिओचा परवाना आणि किमान ४० तास उड्डाण. त्यात एकट्याने केलेलं उड्डाण आणि एकट्याने केलेला दूरचा प्रवासही आला. अमेरिकेतही किमान ४० तासच आहेत, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला साठ-सत्तर सहज लागतात. तिकडचा परवाना असेल तर तो इथं तसाच चालत नाही. इथल्या नियमांची परीक्षा आणि इथलं मेडिकल करून बदलून घ्यावा लागतो.

आपल्याकडे बहुतेक मुलं हा टप्पा सोडून थेट व्यावसायिक परवान्याच्या मागे लागतात, कारण कर्ज फेडायचं असतं. हौसेसाठी शिकणारा विरळा. जे. आर. डी. टाटांना १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला परवाना मिळाला तेव्हा मुंबईतल्या फ्लाइंग क्लबात हौशी मंडळीच होती. आज फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन 'मला फक्त रविवारी उडायचंय' म्हटलं की समोरचा माणूस दोनदा बघतो.

मी विमान चालवेन, मित्रांनी पैसे वाटून द्यावेत, चालेल?

अमेरिकेत खासगी परवानावाला विमानभाडं, पेट्रोल आणि विमानतळाचा खर्च सोबत्यांत वाटून घेऊ शकतो, पण स्वतःचा समान हिस्सा त्याने भरलाच पाहिजे. चौघे गेले तर पाव खर्च तुमचा. आपल्याकडे खासगी विमान भाड्याने माणसं नेण्यासाठी वापरता येत नाही, आणि पैसे हातात आले की ते भाडं नव्हतं हे पटवून देणं तुमच्या अंगावर येतं. माझं मत : मित्रांना मिसळीचं बिल देऊ द्या, विमानाच्या बिलाला हात लावू देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हाच प्रश्न आधी विचारते.

चार आसनं आहेत, म्हणजे चौघे जाऊ शकतो ना?

बहुधा नाही. सेसना १७२ च्या एका नव्या मॉडेलमध्ये माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून चारशे किलोच्या आत बसवावं लागतं. टाकी भरली की दीडशे किलोच्या जवळपास पेट्रोलच झालं. उरले अडीचशे. आता तुमच्या तालमीतले चार मित्र डोळ्यांसमोर आणा. टाकी अर्धी ठेवून चौघे जाता येतं, पण मग परतीचं पेट्रोल कुठं मिळणार हा मघाचाच प्रश्न.

उन्हाळ्यात आणखी कापावं लागतं. कऱ्हाड-कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या आसपास. एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश असलं की तापलेली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. इंजिन कमी ओढतं, पंख कमी उचलतात, धावपट्टी जास्त लागते.

आमची पाच एकर आहे, ऊस तुटला की तिथं उतरता येईल का?

हा प्रश्न वाळव्यातून येतो, शिराळ्यातून येतो, फलटणहून येतो. उतरण्यापेक्षा परत उठायचा प्रश्न मोठा आहे. पाच एकर चौकोनी रान म्हणजे एका बाजूने जेमतेम १४० मीटर. वर सांगितलेल्या विमानाला आपल्या उंचीवर, उन्हाळ्यात, शेवटाला उभं झाड ओलांडून जायचं तर सातशे मीटरच्या आसपास हवेत. तेही डांबरी पट्टीवर, सरीत नाही. शिवाय वीजमंडळाच्या तारा. परवानगीचा विषय मग काढूच नका.

हेलिकॉप्टरने गेलो तर?

मग मिसळीचा भाव विचारू नका.

कुठल्या दिवसांत आणि किती वाजता निघावं?

डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी सकाळी धुकं धरतं. त्यात पाचट पेटवलेल्या रानांचा धूर मिसळला की नऊ-साडेनऊपर्यंत समोरचं धड दिसत नाही. बाहेर बघून उडायच्या नियमात साधारण पाच किलोमीटर तरी दिसलं पाहिजे. मार्चपासून उलट, सकाळ स्वच्छ, पण अकरानंतर काळी रानं तापतात आणि गरम हवेचे झोत विमानाला खालून गुद्दे मारायला लागतात. पायलटला त्याचं काही नसतं, मागच्या सीटवरचा पाहुणा मात्र खाल्लेलं परत करतो. पावसाळ्यात पश्चिमेकडचा नाद सोडा. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणदेशात पाचशेच्या आसपास, त्यामुळे दहिवडीचं निळं आकाश बघून पाटणच्या हवेचा अंदाज बांधू नये.

चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवरच्या पवनचक्क्या तिथं का उभारल्या हेही लक्षात ठेवा. तिथं वारा जबरदस्त आहे, आणि डोंगरावरून उतरणारा वारा पूर्वेच्या बाजूला विमानाला खाली दाबतो.

म्हणून माझा सल्ला : हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, आठच्या सुमारास निघून अकराच्या आत घरी. जेवण नको, न्याहारी. अंधाराच्या आत यायलाच पाहिजे, हा नियमही आहे.

उडण्याआधी काय खावं, काय खाऊ नये?

जाताना थोडं खाऊनच निघा. उपाशी पायलट घाई करतो, आणि 'पोचायचंच' या हट्टापायी ढगात शिरून माणसं मेली आहेत. हवा बिघडली तर मागे फिरा आणि घरी पोहे खा.

परतीचा विचार करून मात्र मटकी जपून. उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि पोटातला वायू फुगतो. परतीच्या उंचीवर तो दहा ते वीस टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि छोट्या विमानात संडास नसतो. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून, भाताचा डोंगर संपवून लगेच उडू नका; जेवणानंतरची गुंगी गाडीत येते तशी इथंही येते. तासभर बसा, चहा घ्या.

दारू अजिबात नाही. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि तपासणीत शून्यच आलं पाहिजे. अमेरिकेत आठ तास आहे. त्यामुळे तिकडच्या विमानतळांवरच्या हॉटेलांत कॉफीच जास्त खपते.

मुलगा डॅलसला असतो, छोटं विमान चालवतो. मी गेले की मला जेवायला घेऊन जाणार म्हणतो. बसू का?

काकू, आधी त्याला तीन गोष्टी विचारा : शेवटचं कधी उडालास, त्या विमानतळावर आधी गेला आहेस का, आणि हवा बिघडली तर आपण काय करणार. तिसऱ्याचं उत्तर 'तिथंच राहू किंवा गाडी भाड्याने घेऊन येऊ' असं पटकन आलं, तर खुशाल बसा. 'काही होत नाही गं आई' असं आलं, तर त्या दिवशी जेवण घरीच करा.

वजन विचारलं तर खरं सांगा, तिथं लाजू नका. साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा. चढायची पायरी उंच असते आणि पदर, ओढणी पुढच्या दांड्यांत अडकता कामा नये. विमानाजवळ जाता-येता नेहमी पंखांच्या मागच्या बाजूने. नाकावरचा पंखा फिरताना दिसत नाही, तेवढी एक गोष्ट विसरू नका. पुढे बसलात तर पायाखालच्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. उडताना आणि उतरताना त्याच्याशी बोलायचं नाही, हे आईला जड जाईल, पण तेवढी दहा मिनिटं. मळमळलं तर लांब क्षितिजाकडे बघा आणि लगेच सांगा. नको वाटलं तर धावपट्टीच्या तोंडाशीसुद्धा 'नको' म्हणता येतं. चांगला पायलट त्यावर एक शब्द बोलत नाही.

शाकाहारी माणसाला तिथं काय मिळतं?

पॅनकेक, बटाट्याचा कीस परतून केलेले हॅश ब्राउन्स, टोस्ट, फळांचा पाय. अंडं चालत असेल तर राज्यच. संकष्टीला जाऊ नका.

कऱ्हाडच्या धावपट्टीजवळ कुणी हॉटेल काढलं तर चालेल का?

विमानं येतील, मग हॉटेल चालेल, असं लोक म्हणतात. मी उलट बघितलंय. अमेरिकेतल्या त्या हॉटेलांत टेबलं भरतात ती आसपासच्या गावांतून गाडीने आलेल्या माणसांनी. आजोबा नातवाला घेऊन येतात, शेतकरी ट्रॅक्टरच्या कामातून उठून येतात, चर्च सुटल्यावर कुटुंबं येतात. काचेपलीकडे विमान उतरलं की पोरं खुर्चीवर उभी राहतात. पायलट मंडळी म्हणजे बघायला मिळणारी गंमत. गल्ला त्यांच्यावर चालत नाही. पाऊस लागला, आठवडाभर एकही विमान आलं नाही, तरी हॉटेल चालूच.

आणि हॉटेल चालू असलं की विमानतळ गावाचा होतो. धावपट्टी हे पुढाऱ्यांसाठी राखलेलं कुंपण आहे, एवढंच ज्यांना माहीत आहे ते तिच्या बाजूने कधी उभे राहतील? वारुंजीच्या माणसाला धावपट्टी म्हणजे जमीन जाण्याची भीती. त्याच्याच घरच्या बायकांच्या बचत गटाची चुलीवरची भाकरी आणि पिठलं कुंपणाच्या कडेला मिळायला लागलं, पाटणच्या रस्त्याने कोयनेला निघालेल्या गाड्या तिथं थांबायला लागल्या, प्रशिक्षणाची विमानं उडताना बघत पोरांनी भजी खाल्ली, तर हा विषय वेगळ्या तऱ्हेने बोलला जाईल. त्या पोरांतलं एखादं दहावीनंतर चौकशीला येईल.

यासाठी धावपट्टी वाढवायला नको. कुंपणाबाहेर, उड्डाणाच्या रेषेत न येणारी थोडी जागा, झाडं, बाकडी, स्वच्छ मुतारी आणि गाड्या लावायला मोकळं रान. उष्ट्याचा कचरा मात्र रोज उचलला पाहिजे, कारण त्यावर घारी-कुत्री येतात आणि विमानाला घारीइतका वाईट पाहुणा नाही. विमानतळाजवळ खाणावळ काढणाऱ्याने मेनूआधी कचऱ्याचा बंदोबस्त सांगावा, एवढी एक अट मी घालेन.

सांगलीकरांनो, कवलापूरचं काही व्हायचं तेव्हा होईल. आराखड्यात भडंगाचा एक गाळा आत्ताच मागून ठेवा.

येताना पार्सल आणता येतं का?

येतं. सेसना १७२ च्या मागच्या सामानाच्या जागेत पन्नासेक किलोपर्यंत चालतं, पण ते एकूण वजनात धरायचं आणि जाळीने घट्ट बांधायचं. मोकळी पिशवी हवेच्या धक्क्यात डोक्यात बसते. गुळाची ढेप सगळ्यात शहाणी, हलत नाही. भडंगाची बंद पाकिटं उंचीवर फुगतात, पण बहुधा टिकतात. कंदी पेढे साताऱ्याहून नेणाऱ्याने उन्हात उभ्या विमानात ठेवू नयेत, आत भट्टी होते. रस्सा आणू नका. डब्याचं झाकण कितीही घट्ट असलं तरी तर्री वाट काढते, आणि विमानाच्या गालिच्यातून तो वास पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत जात नाही.